पंगतीतले दोन वैरी : मौसलपर्व पुन्हा वाचताना

जगबुडीतून वाचलेल्या माणसांनी नवे राष्ट्र उभारायचे आणि पुढे आपसांत लढून तेही बुडवायचे, अशा धर्तीच्या कादंबऱ्या इंग्रजीत बऱ्याच आहेत. वॉल्टर मिलर या अमेरिकन लेखकाची ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ ही त्यांतली एक गाजलेली. अणुयुद्धानंतर शेकडो वर्षांनी राज्ये पुन्हा उभी राहतात आणि पुन्हा त्याच आगीकडे जातात. ‘असले काही आपल्याकडे नाही,’ असे म्हणून भाच्याने ती माझ्या हाती दिली. वाचताना मला मात्र सारखी द्वारका आठवत होती.

आमच्या हिवरा आश्रमाच्या पंचक्रोशीत सप्ताहाच्या कीर्तनात द्वारका बुडते ती शापाने. गांधारीचा शाप, ऋषींचा शाप, सांबाचे सोंग, मुसळ, लव्हाळी, पारध्याचा बाण. कृष्ण विदर्भाचा जावई, त्यामुळे ऐकताना घरचे माणूस गेल्यासारखे वाटते. मीही तसेच ऐकत आलो. पंचेचाळिशीत, शिकवणारा कोणी नसताना, एका बाजूला मराठी भाषांतर आणि दुसऱ्या बाजूला संस्कृत कोश ठेवून मौसलपर्व वाचू लागलो, तेव्हा शापाखाली झाकलेली दुसरी गोष्ट दिसली. इरावतीबाई कर्व्यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) महाभारतातल्या माणसांना माणसे म्हणून वाचायची सवय आपल्याला लावली. त्याच सवयीने एक साधा हिशेब मांडून पाहिला.

अठरा अक्षौहिणींच्या संहारातून पांडवांच्या बाजूचे सात वीर वाचले : पाच भाऊ, कृष्ण आणि सात्यकी. कौरवांकडचे तीन : अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा. या दहांपैकी कृष्ण, सात्यकी आणि कृतवर्मा हे तिघे यादव. म्हणजे प्रलयाच्या दोन्ही काठांवर वाचलेली माणसे एकाच गावची निघाली. अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्यांची कत्तल केली, तेव्हा शिबिराच्या दारावर कृपाबरोबर कृतवर्मा उभा होता, आणि बाहेर पळणाऱ्यांना दोघे कापत होते. सात्यकीने भूरिश्रव्याचे मस्तक उडवले ते हात तुटून प्रायोपवेशनाला बसलेला असताना. हे दोघे परत आले आणि छत्तीस वर्षे एका नगरीत राहिले.

ती नगरीही एका पडझडीतूनच उभी राहिलेली. जरासंधाच्या धाकाने मथुरा सोडून पश्चिमेला यावे लागले, हे सभापर्वात कृष्ण स्वतः युधिष्ठिराला सांगतो. रैवतकाच्या आश्रयाने असा दुर्ग बांधला, की तिथे बायकांनाही लढता यावे. भीतीने माणसे एकत्र आली खरी, पण कारभार कुळाकुळांचा, संघाचा. उग्रसेन नावाला वडीलधारा. शांतिपर्वात कृष्ण नारदाजवळ मन मोकळे करतो ते वाचून मी थक्क झालो. स्वामी म्हणवतो, पण नातलगांची चाकरी करतो आणि वर त्यांचे टोमणे सोसतो, असे तो म्हणतो. आहुक आणि अक्रूर यांच्यामधली आपली स्थिती सांगताना उपमा देतो ती एकमेकांविरुद्ध जुगार खेळणाऱ्या दोन पोरांच्या आईची : एकाने जिंकावे असे वाटते, दुसऱ्याने हरावे असे वाटत नाही. नारद त्याला लोखंडाचे नसलेले शस्त्र वापरायला सांगतो, म्हणजे सहनशीलता आणि गोड शब्द, आणि बजावतो, की संघ फुटीने मरतो. पुढे मौसलपर्वात शाप देणाऱ्या ऋषींमध्ये हाच नारद आहे आणि या वेळी जन्मणारे मुसळ लोखंडाचे आहे. रचनाकाराला हे सुचले असेल की नाही, यावर वाद घालता येईल. मला तरी ते सहज झालेले वाटत नाही.

शापानंतर राज्यकर्त्यांनी काय केले? मुसळ कुटून त्याची भुकटी समुद्रात टाकली. दारूबंदीची दवंडी पिटवली : जो दारू गाळील तो आप्तांसह जिवंत सुळावर जाईल. बंदोबस्त कडक, पण मूळ दुखण्याला हात कोणी लावला नाही. युद्धानंतर द्वारकेत परतलेला कृष्ण वसुदेवाला सगळी हकीकत सांगतो, त्यात अभिमन्यूचा मृत्यूच गाळतो. सुभद्रा म्हणते, तेही सांग. कृतवर्म्याचे नाव त्या कथनात येते ते वाचलेल्यांच्या यादीत. दारावर त्याने काय केले, ते तिथे येत नाही.

इथे घरचे सांगतो. माझे वडील आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात धुऱ्याचा वाद होता. वीस वर्षे दोघे प्रत्येक लग्नात, तेरवीत आणि आश्रमाच्या महापंगतीत मांडीला मांडी लावून पुरी आणि वांग्याची भाजी जेवले. गाव म्हणे, मिटले. एका तेरवीत कोणीतरी थट्टा केली आणि ताट भिरकावले गेले.

प्रभासक्षेत्री नेमके हेच घडते. दारूबंदी करणारेच उघड पितात. सात्यकी कृतवर्म्याला हसून म्हणतो, झोपलेल्यांना मारणारा क्षत्रिय कसला! कृतवर्मा डावा हात दाखवून तुच्छतेने भूरिश्रव्याची आठवण देतो. मग स्यमंतक मण्याचे जुने प्रकरण निघते, सत्यभामा बापाच्या खुनाच्या आठवणीने रडत कृष्णाकडे जाते, आणि सात्यकी द्रौपदीच्या मुलांचे नाव घेऊन कृतवर्म्याचे डोके उडवतो. भोज आणि अंधक सात्यकीवर तुटून पडतात ते आधी उष्ट्या भांड्यांनी. लव्हाळ्यांची मुसळे होतात ती त्यानंतर. दारूने तोंड उघडले, पण तोंडातून निघाले ते सगळे छत्तीस वर्षे आणि त्याहून जुने होते. शाप काढून टाकला तरी हा प्रसंग जसाच्या तसा उभा राहतो. भांडण काढून टाकले, तर नुसता शाप उरतो आणि त्यातून कथा होत नाही.

कीर्तनकारांना दोष देण्यात अर्थ नाही, शापाची कथा सांगायला सोपी आणि ऐकायला सोयीची. माझी तक्रार शिकलेल्या वाचकांबद्दल आहे. आपण कुरुक्षेत्रावर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले आणि या आठ-नऊ अध्यायांच्या पर्वाला परिशिष्टासारखे वागवले.

शेवटी अर्जुन उरलेल्यांना घेऊन निघतो, मागे समुद्र नगरी गिळतो. वाटेत आभीर लाठ्या घेऊन लुटतात आणि गांडीव कामाला येत नाही. तरी एक काम तो करतो, ज्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. वज्राला तो इंद्रप्रस्थ देतो. कृतवर्म्याच्या मुलाला मार्तिकावत नगरात बसवतो आणि सात्यकीच्या मुलाला तिथे न ठेवता सरस्वतीच्या काठी नेतो.