यंत्राच्या वरचा माणूस कोण?

आरोग्यसेवेतल्या एआयवर आयसीएमआरने २०२३मध्ये नैतिक मार्गदर्शिका काढली. संमती, गोपनीयता, उत्तरदायित्व, अशी दहा तत्त्वं आहेत. चांगलीच आहेत. माझी अडचण त्यातल्या एका गृहीतकाशी आहे: निर्णय शेवटी माणसाच्या हाती राहील.

क्षयाचं घ्या. छातीचा एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर आपल्या मुंबईतही बनतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये क्षयाच्या चाळणीसाठी ते डॉक्टरच्या वाचनाऐवजीही चालेल असं म्हटलं, पण वय १५ आणि त्यापुढच्यांसाठीच. पक्कं निदान पुढच्या तपासणीवर. आता समजा, नालासोपाऱ्याच्या चाळीतली आई सात वर्षांचं खोकणारं पोर घेऊन आली, आणि रेडिओलॉजिस्ट नाहीच. 'कम्प्युटरने नॉर्मल म्हटलंय' एवढंच तिच्या कानावर पडणार. वयाची अट तिला कोण सांगणार? कुणी वाडवळीत, कुणी वारलीत बोलणारं. आणि संमतीचा कागद इंग्रजीत असला तर?

अशी सॉफ्टवेअरं २०२०पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत आली, हे बरं झालं. पण मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे, ती मोडली म्हणून दंड होत नाही. मग तक्रार घेऊन या बाईने वसई-विरार महापालिकेत जायचं, पालघरला कलेक्टरकडे, की थेट दिल्लीला?