आजार एकाचा, निदान घराचे

आईवडिलांच्या मृत्यूवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. शोककविता, आठवणींची पुस्तके, मृत्युलेख यांची वाण नाही. मात्र मृत्यूच्या आधीचा, निदानाचा जो दिवस असतो त्याच्याकडे लेखकांचे लक्ष क्वचितच जाते. मरणाला विधी असतात. काय बोलावे, काय नेसावे, केव्हा गुडघे टेकावेत हे परंपरेने ठरवून दिलेले असते. निदानाला असा कोणताच विधी नाही. वडिलांच्या फुप्फुसात कर्करोग आहे आणि तो पसरला आहे असे डॉक्टर ज्या मुलाला बाजूला घेऊन सांगतात, तो मुलगा बहुधा स्वतः चाळिशी-पन्नाशीचा, दोन-तीन लेकरांचा बाप असतो. फाईल काखेत घेऊन तो बाहेर येतो, आणि बाकावर बसलेल्या वडिलांना काय सांगायचे हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. त्या खोलीपासून त्या बाकापर्यंतचे अंतर कोणत्या लेखकाने नीट मोजले आहे, याचा शोध घेण्याच्या हेतूने आम्ही प्रस्तुत लेखात एक चित्रपट व दोन पुस्तके विचारात घेतली आहेत.

चित्रपट आहे लुलू वाँग यांचा ‘द फेअरवेल’ (२०१९). कथा चीनमधील छांगछुन शहरात घडते. म्हाताऱ्या आजीला फुप्फुसाचा कर्करोग झाला असून तो चौथ्या अवस्थेत आहे. तिचे दोन्ही मुलगे परदेशी. एक अमेरिकेत, दुसरा जपानमध्ये. आजीला काहीही सांगायचे नाही, असे सारे मिळून ठरवतात. तिला डोळे भरून पाहता यावे म्हणून नातवाचे लग्न घाईघाईने उरकण्याचा घाट घालतात आणि त्या निमित्ताने घर एकत्र येते. न्यूयॉर्कमध्ये वाढलेली नात बिली हिला हे पटत नाही. दिग्दर्शिकेने स्वतःच्या कुटुंबातील घटनेवरच हा चित्रपट बेतला आहे. नातीच्या भूमिकेसाठी ऑक्वाफिना हिला २०२० साली गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. परंतु आजी झालेल्या चाओ शूचेन यांच्यामुळे चित्रपटाला उंची आली आहे, असे आमचे मत आहे.

आरंभीच्या दूरध्वनीवरील संभाषणातच दिग्दर्शिकेने सारे सांगून टाकले आहे. आजी इस्पितळात आहे, पण बहिणीच्या घरी असल्याचे नातीला सांगते. नात थंडीत उघड्या डोक्याने फिरते आहे, पण टोपी घातल्याचे आजीला सांगते. मोठ्या खोट्याची कथा सुरू होण्याआधी या घराची माया अशा बारीकसारीक थापांवरच चालते, हे प्रेक्षकाच्या मनावर ठसते. ज्यांची मुले आखातात वा कॅनडात आहेत, अशा आमच्या वसईतील कोणत्याही आईला हे संभाषण परके वाटणार नाही.

चित्रपटाचा वैचारिक कणा थोरल्या काकाच्या तोंडी आहे. तो बिलीला समजावतो की पाश्चात्त्यांच्या दृष्टीने माणसाचे आयुष्य त्याचे एकट्याचे असते, आपल्या दृष्टीने ते कुटुंबाचा एक भाग असते. आजीला सत्य सांगून तू मोकळी होऊ पाहतेस, आम्ही मात्र ते ओझे तिच्या जागी वाहतो आहोत. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण चांगली कलाकृती आपल्या पात्राच्या युक्तिवादाची परीक्षा घेते, तशी ती येथे घेतली आहे. लग्नाच्या मेजवानीत भाषणाला उभा राहिलेला हाच काका आईबद्दल बोलता बोलता ढसढसा रडू लागतो. ओझे आपण वाहतो असे म्हणणाऱ्यालाच ते पेलत नाही. आणि सत्याचा कैवार घेणारी बिली? तपासणीचा अहवाल आजीच्या हाती पडू नये म्हणून तीच इस्पितळाकडे धावत सुटते; कर्करोगाच्या जागी निरुपद्रवी सावल्या असे लिहून घेतलेला अहवाल मग आजीला दाखवला जातो. तत्त्वाने एका बाजूला असलेली मुले मायेने दुसऱ्या बाजूला कशी ओढली जातात, हे त्या धावण्यातून जितके कळते तितके दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

या कथेत आणखी एक गाठ आहे. आजीने स्वतः आपल्या पतीच्या आजारात त्यालाही असेच अंधारात ठेवले होते. म्हणजे हे लपवणे कसे चालते ते तिला पुरते ठाऊक आहे. मग भोवतीचे रडवेले चेहरे तिने ओळखले नसतील काय? चित्रपट याचे उत्तर देत नाही, आणि येथेच तो आमच्या दृष्टीने उणा पडतो. मुलांचे दुःख आपण सर्व बाजूंनी पाहतो. जिचा आजार आहे तिच्या अंतःकरणात मात्र कॅमेरा शिरत नाही. आजी खंबीर, विनोदी, हुकूम सोडणारी अशी दिसते. एकटी असताना ती कशाचा विचार करते, हे कळत नाही. शिवाय शेवटी, निदानानंतर सहा वर्षांनीही खरी आजी हयात आहे, हा मजकूर पडद्यावर येतो. तो खराच आहे. परंतु त्याने प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि लपवण्याचा निर्णय योग्य ठरला अशी समजूत करून घेतो. एका रोग्याच्या नशिबाने नैतिक प्रश्न सुटत नसतो.

दुसऱ्या बाजूने चित्रपटाचा एक संयम वाखाणण्याजोगा आहे. रोग कशामुळे झाला याची चर्चा त्यात नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली दाखवून दिला, त्यावर आज वाद उरलेला नाही. त्याचबरोबर कधी विडी-सिगारेटला न शिवलेल्यांनाही हा रोग होतो, हेही तितकेच खरे. प्रत्यक्ष घरांत मात्र निदानाच्या पाठोपाठ हिशेब सुरू होतो: बाबांनी तेव्हाच सोडली असती तर, आईने चुलीचा धूर एवढी वर्षे गिळला नसता तर. आजाराला लोक जो नैतिक अर्थ चिकटवतात त्याविरुद्ध सूझन सोंटाग यांनी १९७८ साली ‘इलनेस ॲज मेटाफर’ हे पुस्तक लिहिले. मुलाच्या रागाच्या मुळाशी बहुधा त्याची भीती असते. पण तो राग आजाऱ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा शिक्षेसारखा पोहोचतो.

आता सिमोन द बोव्हार यांच्या १९६४ सालच्या छोट्या पुस्तकाकडे वळू. त्याच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ ‘अगदी सहज मरण’ असा होतो. १९६३ च्या ऑक्टोबरात लेखिकेची वृद्ध आई घरात पडते, मांडीचे हाड मोडते, आणि इस्पितळात आतड्याचा कर्करोग उघडकीस येतो. आईला पोटात दाह झाल्याचे सांगण्यात येते. दोघी मुली, सिमोन आणि तिची बहीण, आळीपाळीने उशाशी बसतात आणि आईशी रोज खोटे बोलतात. चिनी चित्रपटातील कुटुंब ज्याला कर्तव्य समजते, तेच पॅरिसमधल्या या तत्त्वज्ञ बाईला लाजिरवाणे वाटते. तरीही ती तेच करते. पूर्व आणि पश्चिम यांच्यात काकाने आखलेली रेषा या पुस्तकापुढे टिकत नाही. आज जी पाश्चात्त्यांची रीत म्हणून सांगितली जाते ती तेथेही साठ वर्षांपूर्वी रूढ नव्हती.

लेखिका निरीश्वरवादी, तर आई आयुष्यभराची श्रद्धाळू कॅथलिक. असे असूनही आजारपणात आईने धर्मगुरूंची मागणी केली नाही. आईच्या धार्मिक मैत्रिणींना हे खटकले. मुलीने मात्र आईच्या मौनाचा अर्थ प्रामाणिकपणे लावला आहे: आई अश्रद्ध झाली नव्हती, तिला जगायचे होते, आणि धर्मगुरू येणे म्हणजे मरण येणे अशी तिची समजूत होती. नास्तिक लेखिकेने केलेले हे निरीक्षण आम्हां धर्मगुरूंना अंतर्मुख करणारे आहे. योगायोग असा की ‘अंत्य’ तैलाभ्यंगाऐवजी आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हे नाव अधिक उचित, असे सांगणारे व्हॅटिकन परिषदेचे उपासनाविषयक संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे त्याच सुमारास प्रसिद्ध झाले. पुढे १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा नवा विधी मंजूर केला. हा संस्कार गंभीर आजाऱ्याला बळ देण्यासाठी आहे, निरोपासाठी राखून ठेवण्यासाठी नाही. असे असताना आजही धर्मग्रामातील मुले येऊन आम्हांला विनवतात, “फादर, घरी या, बाबांशी चार गोष्टी बोला, पण तेलाची कुपी बाहेर काढू नका, त्यांना कळेल.” बाबांना ‘छातीत पाणी झालंय’ एवढेच सांगितलेले असते. आणि त्यांना परळला नेलेले असते, जेथे १९४१ पासून उभ्या असलेल्या इस्पितळाचे ‘टाटा’ हे नावच आमच्या लोकांच्या बोलण्यात रोगाचे नाव होऊन बसले आहे. अक्षरओळख असलेल्या बापाला फाटकावरची पाटी वाचता येत नाही, असे मुलांनी गृहीत धरलेले असते.

बोव्हार यांच्या पुस्तकाचा शेवट आम्हांला मान्य नाही. माणसाचे कोणतेही मरण स्वाभाविक नाही, ते त्याच्यावर झालेला अन्यायच आहे, अशा आशयावर त्या थांबतात. त्यातील अर्धा भाग ख्रिस्ती माणसालाही पटेल. लाजराच्या कबरीपाशी येशू रडला. संत पौलानेही मृत्यूला शेवटचा शत्रूच म्हटले आहे. पण शत्रू म्हटल्यावर त्याच्याशी गाठ पडण्याआधी माणसाला सावध करावे लागते, तेवढी संधी आईला मिळाली नाही. आई आपल्या मरणाला मुकली, असा सल पुस्तकाच्या पानापानांतून जाणवतो. जे आईशी बोलता आले नाही ते लेखिकेने जगाला सांगितले. हे पुस्तकाचे सामर्थ्य आहे आणि दुःखही.

दुसरे पुस्तक अतुल गावंडे यांचे ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४). लेखक अमेरिकेतील शल्यविशारद; त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. ओहायोत शल्यचिकित्सक म्हणून नाव कमावल्यावरही उमरखेडला आईच्या नावाने महाविद्यालय उभारणारा हा माणूस. त्यांच्या मज्जारज्जूत गाठ निघाली. येथे लपवण्याचा प्रश्न नव्हता. बाप डॉक्टर, मुलगा डॉक्टर, आई डॉक्टर. चित्रफीत तिघांनी पाहिली. तरीही काय बोलावे हे मुलाला सुचेना! निदान ठाऊक असणे आणि त्याविषयी बोलता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा या पुस्तकाचा आमच्या विषयाला सर्वांत मोठा लाभ. याच पुस्तकात सेरा मोनोपोली या चौतीस वर्षांच्या गर्भवती स्त्रीची कहाणी आहे. तिला फुप्फुसाचा कर्करोग होता आणि तिने कधीच धूम्रपान केले नव्हते. तिला निदान सांगितलेले होते; पण पुढे काय, यावर डॉक्टर, पती, आईवडील आणि ती स्वतः बोलायचे टाळत राहिली, आणि जे मरण तिला नको होते तेच इस्पितळात तिच्या वाट्याला आले.

गावंडे यांना मार्ग सापडतो तो दुसऱ्या एका मुलीकडून. सूझन ब्लॉक ही अखेरच्या आजारातील शुश्रूषेची तज्ज्ञ. तिच्या वडिलांच्या मानेत, मज्जारज्जूपाशी गाठ होती. शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्या अवस्थेत जगणे तुम्हांला चालेल, असे तिने त्यांना विचारले. ते प्राध्यापक, गंभीर उत्तराची अपेक्षा होती. त्यांनी सांगितले की चॉकलेट आइसक्रीम खाता आले आणि टेलिव्हिजनवर फुटबॉल पाहता आला तर पुरे. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होऊन निर्णयाची घटका आली, तेव्हा या उत्तराच्या आधाराने ती होकार देऊ शकली. तिचे वडील त्यानंतर दहा वर्षे जगले. गावंडे यांनीही मग आपल्या वडिलांना तसे प्रश्न विचारले: भीती कशाची वाटते, काय गमावलेले चालणार नाही, कशासाठी काय सोसायची तयारी आहे. पुस्तकाची शैली कित्येक ठिकाणी अहवालाची आहे, डॉक्टरी अनुभवांची दाटी झाल्याने वाचक मधूनच थकतो. परंतु बाप-लेकांच्या या प्रकरणांत लेखणी सैल पडत नाही. वडिलांच्या अस्थी गंगेत विसर्जित करण्याचा शेवटचा प्रसंगही त्याने भावविवश न होता लिहिला आहे.

तिन्ही कलाकृती एकत्र वाचल्यावर असे दिसते की ‘सांगावे की न सांगावे’ हा प्रश्नच अपुरा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये व कमी करूनही सांगू नये असे म्हटले आहे. मात्र ते कळवायचे कोणाला, तर रोग्याला, नातलगांना किंवा जबाबदार मित्रांना, अशी मोकळीक ठेवली आहे. ती मोकळीक आपल्या घरांनी रोग्याला वगळण्यासाठी वापरली. सत्य एका श्वासात तोंडावर फेकणे जसे क्रूर, तसे ते कायमचे कुलूपबंद ठेवणेही क्रूरच. या दोहोंच्या मधे विचारण्याची वाट आहे. “बाबा, तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे?” असे विचारले तर ज्याला ऐकायचे नाही तो नको म्हणेल, आणि ज्याने आधीच ओळखले आहे त्याला सोबत मिळेल. जमिनीची वाटणी, रुसलेल्या भावाशी समेट, अर्धवट राहिलेला नवस, प्रायश्चित्त संस्कार, यांतले काय त्याच्या मनात आहे ते मग तोच सांगेल. अंधारात ठेवलेल्या माणसाला यातले एकही काम हाती घेता येत नाही.

ज्या घरात निदान नुकतेच झाले आहे त्या घरातील मुलांनी आधी ‘द फेअरवेल’ पाहावा. हसता हसता त्यांना आपलेच चेहरे दिसतील. बोव्हार यांचे पुस्तक त्या दिवसांत हाती घेऊ नये, ते सोसणार नाही. नंतर, मन थाऱ्यावर आल्यावर, अवश्य वाचावे. गावंडे यांचे पुस्तक मात्र घरातील सारी माणसे धडधाकट असतानाच वाचून ठेवावे आणि त्यातले प्रश्न एखाद्या रविवारी जेवणानंतर आईवडिलांना विचारून घ्यावेत. आमच्या भागात या विषयावर लिहू शकणारे हात पुष्कळ आहेत. परळच्या बाकांवर बसून आलेल्या एखाद्या लेकीने वा मुलाने हे मराठीत लिहावे, अशी आमची अपेक्षा आहे.