सातपैकी किती?

माझा भाचा व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करतो. म्हणजे नेमके काय करतो, हे त्याच्या आईलाही चार वर्षांत उलगडलेले नाही. गेल्या महिन्यात तो भर दुपारी आमच्या बँकेत आला, तेव्हा लग्नपत्रिका द्यायला आला असेल या समजुतीने मी खुर्चीतून उठलोसुद्धा. पिशवीतून निघाली ती प्रश्नावली.

"मामा, एवढं भरून दे. पाच मिनिटांचं काम."

बारा विधाने होती. संगणकामुळे माझे काम लवकर उरकते, तो शिकायला मला जड गेला नाही, अशा चालीची. प्रत्येकापुढे एक ते सात आकडे. एक म्हणजे मुळीच पटत नाही, सात म्हणजे पूर्ण पटते. मी बाराही ठिकाणी चारवर खूण केली. बँकेत वीस वर्षे काढलेला माणूस याहून स्पष्ट मत देत नसतो.

"असं केलंस तर तुझा फॉर्म बाद होईल," भाचा म्हणाला.

ही विधाने कुणाच्या डोक्यातून निघाली, असे मी जरा घुश्शातच विचारले. तर पठ्ठ्याने मूळ निबंधच वाचायला पाठवला. त्यात माझे दोन रविवार गेले आणि गव्हाचे दळण राहिले, ते वेगळेच.

निबंध फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाचा, १९८९ साली 'एमआयएस क्वार्टर्ली'त आलेला. प्रश्न अगदी संसारी आहे. हौसेने आणलेले यंत्र घरातली माणसे वापरत का नाहीत? (आमच्याकडच्या मिक्सरपासून हा प्रश्न मला परिचित आहे.) डेव्हिसचे म्हणणे, दोन गोष्टी पाहाव्यात : ते उपयोगी वाटते का, आणि सोपे वाटते का. प्रत्येकीसाठी सहा विधाने. टोरांटोच्या आयबीएम प्रयोगशाळेतल्या ११२ जणांना आणि बॉस्टनच्या एमबीएच्या ४० विद्यार्थ्यांना त्याने ती विचारली. उपयोगीपणाचा वापराशी सहसंबंध आला पहिल्या गटात ०.६३ आणि दुसऱ्यात ०.८५, सोपेपणाचा ०.४५ आणि ०.५९. बी.कॉम.ला सहसंबंध दहा मार्कांना हमखास यायचा, म्हणून एवढे मला कळले. माणूस अवघडपणा सोसतो, निरुपयोगीपणा सोसत नाही.

हे मला सातपैकी सात पटले. आमच्या पडद्यावरचे मेनूचे आकडे पाढ्यांसारखे पाठ करावे लागतात, त्याला सोपे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण लेजरे होती तेव्हा सहामाहीला दहा पैशांचा फरक शोधत रात्री नऊपर्यंत बसलेला कारकून हे पाढे आनंदाने म्हणतो. डेव्हिसने लोकांचा वापर लोकांनाच विचारून मोजला, आणि ही उणीव त्याने स्वतःच सांगून टाकली आहे. माणूस सरळ आहे.

माझे भांडण त्याच्या वारसदारांशी आहे. बारा विधाने आयती मिळाली म्हटल्यावर जो तो निघाला प्रश्नावली घेऊन. आज ईमेल, उद्या इंटरनेट बँकिंग, परवा मोबाइल. विधाने तीच, यंत्राचे नाव तेवढे बदलायचे. २००३ साली वेंकटेश, डेव्हिस आणि मंडळींनी आठ सिद्धांत एकत्र करून एक मोठा आराखडा केला. त्यात वापर ऐच्छिक की सक्तीचा, याचाही विचार आहे. मी हरखलो. कारण आमची लेजरे एका शनिवारी कपाटात गेली आणि सोमवारी आम्ही पडद्यापुढे बसलो. 'आपला वापरण्याचा इरादा आहे का?' असे कुणी विचारले नव्हते. पण पाहतो तो सक्तीच्या वाट्याला आकृतीतला एक बाण आलेला. सक्ती करणाऱ्यासाठी चौकट नाहीच. २००७ साली बेनबसात आणि बार्की या दोन प्राध्यापकांनी आपल्याच जातभाईंना सुनावले, की वस्तू उपयोगी वाटते हे तुम्ही मोजत बसलात, ती उपयोगी कशाने होते हे शोधायचे राहून गेले. तरीही भाचा आलाच.

आता उपयोगाचे म्हणाल, तर आमच्या काउंटरवर दिवसात सर्वांत जास्त उच्चारले जाणारे वाक्य आहे, "सिस्टीम घेत नाही." एक आजी आहेत. खात्यावर 'लक्ष्मीबाई', आधारवर नुसत्याच 'लक्ष्मी'. दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून खाते निष्क्रिय झाले, आणि ते उघडायला दोन्ही नावे जुळायला हवीत. या बाईंना मी दहा वर्षे ओळखतो. लेजर असते तर मी नाव वाचून मान वर केली असती, साहेबांची सही आणली असती. नसती आणली तर त्यांनी मलाच चार शब्द ऐकवले असते. आता मी पडदा त्यांच्याकडे वळवतो. त्यांना वाचता येत नाही. त्या पडद्याला नमस्कार केल्यासारखे करतात आणि जातात. तीनदा गेल्या. माझे काम लवकर उरकते हे अगदी खरे आहे. नाही म्हणणारा दुसराच कुणीतरी मिळाला, हा या यंत्राचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग, आणि बारा विधानांत नेमका तोच नाही. आजींना तर कुणी फॉर्मच दिलेला नाही; काउंटरच्या पलीकडचा माणूस या शास्त्रात 'वापरकर्ता' धरत नाहीत.

भाचा फॉर्म न्यायला आला. उपयोगीपणाच्या सहाही ओळींत मी सातवर खुणा केल्या होत्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आजींची हकिकत लिहिली होती. त्याने ती उभ्या उभ्या वाचली.

"मामा, हे कुठल्या रकान्यात टाकू?"

"ते मला काय ठाऊक?"

तो फॉर्म पिशवीत ठेवून निघाला. दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"मग त्या आजींना मिळाले का पैसे?"

"बुधवारी या म्हणालोय," मी म्हणालो.