दोन लघुपट : निवेदनाचे स्थान

स्थलांतरितांच्या जीवनावरील लघुपटांची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘अस्मितेचा शोध’ या आशयसूत्रापाशी थांबते. (हा शब्दप्रयोग आता फारच गुळगुळीत झाला आहे.) त्यामुळे रचनेचा एक प्रश्न नजरेआड होतो : ज्याच्यावर हिंसा होते त्याच्या आवाजाला कृतीत जागा कोठे मिळते?

नैरोबीत जन्मलेल्या प्रतिभा परमार यांची ‘सारी रेड’ (१९८८) ही व्हिडिओकृती, १९८५ साली इंग्लंडमध्ये वंशद्वेषी हल्ल्यात मारल्या गेलेल्या एका तरुणीच्या स्मरणार्थ आहे. हल्ला येथे पात्रांकरवी घडवून दाखवलेला नाही. साडीचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग एकमेकांत मिसळत असताना स्त्रीचा आवाज ऐकू येत राहतो. निवेदन हेच या कृतीचे द्रव्य आहे.

अनील करिया दिग्दर्शित ‘द लाँग गुडबाय’ (२०२०) या, २०२२ साली ऑस्कर मिळालेल्या, सुमारे बारा मिनिटांच्या लघुपटाची रचना नेमकी उलट आहे. ब्रिटनमधील एका दक्षिण आशियाई कुटुंबात लग्नाची धांदल चालली आहे. नाच आहे, थट्टा आहे, मागे दूरचित्रवाणीवर बातम्या आहेत. हातात धरलेला कॅमेरा त्या गर्दीतलाच एक होऊन वावरतो. आपण कोण आहोत, हे या घरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. माझ्या मते लघुपटातील सर्वांत राजकीय भाग हाच. मग गाड्या येतात, सशस्त्र माणसे घरात शिरतात, पुरुषांना रस्त्यावर गोळ्या घातल्या जातात. पोलीस उभे असतात, शेजारी खिडक्यांतून पाहतात. त्यानंतर सहलेखक व अभिनेता रिझ अहमद उठतो आणि कॅमेऱ्याकडे पाहत ‘तू कुठला?’ या प्रश्नावरचे दीर्घ स्वगत म्हणतो.

हे स्वगत प्रचारकी आहे, असा आक्षेप संभवतो. तो मला पूर्णतः मान्य नाही. कॅमेऱ्याला उद्देशून बोलताच प्रेक्षक खिडकीतल्या शेजाऱ्यांच्या जागी जाऊन उभा राहतो, आणि ही अवघड जागा स्वगताविना निर्माण झाली नसती. परंतु सफाईदार यमकांच्या ओघात पात्र मागे पडते व ख्यातनाम रॅपगायक पुढे येतो, हेही खरे. शिवाय जे घर प्रारंभी इतक्या आवाजांनी भरलेले होते, त्याच्या वतीने अखेरीस एकटा पुरुष बोलतो. ज्या मुलीच्या लग्नासाठी ते सजले होते, तिच्या वाट्याला या स्वगतात एकही वाक्य आलेले नाही.