‘लुमेन जेन्टियम’ आणि चर्चबाहेरचा माणूस

ख्रिस्ती परलोकविचार शिकविताना ‘चर्चबाहेर तारण नाही’ एवढेच सूत्र बहुधा सांगितले जाते. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये ते कठोर शब्दांत मांडले : मृत्यूपूर्वी चर्चमध्ये न आलेले सारे नरकाग्नीचे धनी. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्टियम’ (१९६४) या दस्तऐवजाचे सोळावे कलम वाचल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहते. ईश्वराच्या तारणयोजनेत निर्मात्याला मानणाऱ्यांचा, त्यांतही मुस्लिमांचा नाव घेऊन समावेश तेथे केला आहे. स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताच्या शुभवर्तमानापासून दूर राहिलेल्या, पण ईश्वराचा मनापासून शोध घेणाऱ्यासही तारण शक्य मानले आहे.

मात्र चौदावे कलम चर्चची आवश्यकता जाणूनही बाहेर राहणाऱ्यास तारण नाकारते. हे ‘जाणणे’ म्हणजे नेमके काय, याचा उलगडा दस्तऐवज करीत नाही. बायबल वाचूनही ज्याला ते पटले नाही, असा प्रामाणिक वाचक कोणत्या कलमात बसतो?

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी संदेश न पोहोचलेले, विकृत रूपात पोहोचलेले आणि यथार्थ पोहोचूनही नाकारणारे असा भेद केला होता. शोध घेत असतानाच मृत्यू आलेल्यासही त्यांनी क्षम्य मानले. तरी शोध पुरा करूनही न पटलेल्याचा प्रश्न दोन्हीकडे उरतोच. अध्यापकाने तो विद्यार्थ्यांपुढे उघडा ठेवावा; निवाडा करणे हे आपले काम नव्हे.