कान बोलतो, पण त्याचं किती ऐकायचं?

वणीच्या आसपासच्या कोळसा खाणींत माणसं वर्षानुवर्षं ड्रिल आणि डंपरच्या आवाजात काम करतात. त्यांच्या कानात आत काय बिघडलं, हे कान न उघडता कळेल का? आज ज्या पद्धतीचं परीक्षण करायचं आहे, ती म्हणते, कळेल. कारण कान आवाज घेतो तसा परतही देतो.

आधी बेकेशी. मृतांच्या कानातली शंखाकृती नळी, म्हणजे कॉक्लिया, उघडून त्यांनी आतल्या पडद्यावर सरकणारी लाट पाहिली. त्यांना 1961 चं नोबेल मिळालं. लाट खरीच होती, पण मेलेल्या कानातली, म्हणून बोथट. आपण तर जवळजवळचे सूरही वेगळे ओळखतो! जिवंत कान स्वतःची ऊर्जा ओतत असणार, असं थॉमस गोल्ड यांनी 1948 मध्येच मांडलं होतं. तेव्हा ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

1978 मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानात छोटा मायक्रोफोन बसवून 'टिक्' सोडलं. काही मिलिसेकंदांनी आतून क्षीण आवाज परत आला. 1985 मध्ये ब्राउनेल यांनी दाखवलं, की बाहेरच्या रांगांतल्या केशपेशी विजेच्या इशाऱ्यावर आखडतात, लांबतात. निरोगी कानात 1000 आणि 1200 हर्ट्झचे सूर सोडा, तो 800 चा तिसरा सूर स्वतः तयार करतो. गोंगाटाने या पेशी मेल्या, की हा सूर मंदावतो.

इथवर कौतुक. आता आक्षेप. हा आवाज मधल्या कानातून बाहेर येतो. सर्दीने तिथं पाणी साचलेल्या पोराचा कॉक्लिया ठणठणीत असला, तरी मशीन 'नापास' म्हणू शकतं. उलट, दोष पुढच्या नसेत असेल, तर आवाज येतो आणि बाळाला नीट ऐकू मात्र येत नाही. शिवाय तो तिसरा सूर कॉक्लियातल्या एकाच जागेहून येत नाही; निदान दोन जागांचे आवाज त्यात मिसळलेले असतात. त्यावरून बिघाडाचा अचूक नकाशा काढणं धाडसाचं आहे.

म्हणून माझं मत असं: पद्धत उत्तम, पण एकट्या तिच्या साक्षीवर निकाल देऊ नये. 'पास' झालेलं बाळ हाकेला वळत नसेल, तर नसेची तपासणी करायलाच हवी. आणि खाणकामगाराच्या कानाची नोंद कामाच्या पहिल्याच दिवशी घेतलेली हवी. ती नसेल, तर वीस वर्षांनी मंदावलेल्या आवाजाची तुलना कशाशी करणार?