‘भाषा’ या शब्दाचा आशियातील प्रवास : एका गृहीताची तपासणी

भारताबाहेरील संस्कृत शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच सुरात होते. अमुक शब्द जावात आढळतो, तमुक सयामात आढळतो. यास्तव आपली संस्कृती तेथवर पोहोचली होती, असा तो सूर होय. १९२६ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’च्या लेखनाने त्याला विद्वत्तेचे पाठबळ दिले. वस्तुतः १९५२ साली नागपूरहून प्रसिद्ध झालेल्या यान गोंडा यांच्या ‘संस्कृत इन इंडोनेशिया’ या ग्रंथात उसन्या शब्दांच्या रूपांत व अर्थांत तेथे कोणते पालट घडले याचा विस्तृत विचार आहे. परंतु आपल्या लेखनात अद्यापही शब्दांची यादी पुष्कळ आणि पालटांचा विचार थोडा, अशी स्थिती आहे. ‘भाषा’ हा एकच शब्द घेतला तरी ही उणीव ध्यानात येते.

प्रथम रूपाकडे पाहू. मलायमध्ये महाप्राण ‘भ’ नाही. म्हणून तेथे ‘ब’ आणि ‘ह’ यांची फोड होऊन ‘बहासा’ झाले, जसे ‘भय’चे ‘बहाया’ आणि ‘भाग्य’चे ‘बहागिया’ झाले. जावानीत महाप्राणत्व लोपून ‘बासा’ उरले. थाई लोक ‘फासा’ म्हणतात, पण लिहिताना मूर्धन्य ‘ष’चे अक्षर जपतात. उलट ख्मेर आणि ब्रह्मी लेखनात ‘स’ आहे. तो पालीतील ‘भासा’ या रूपाशी जुळतो. ब्रह्मी उच्चार मात्र ‘बाथा’च्या जवळ जातो. म्हणजे शब्द एकाच वाटेने गेला नाही; संस्कृत आणि बौद्धांची पाली अशा निदान दोन वाटा मानाव्या लागतात. आणखी एक गोष्ट. पालीत ‘मागधभासा’ असा समास होतो, नाव आधी येते. मलाय, थाई, ख्मेर यांत ‘बहासा मलायू’, ‘फासा थाई’ असा उलटा क्रम आहे. शब्द पाहुणा आला, परंतु बसला तो घरच्या रीतीप्रमाणे.

खरा प्रश्न अर्थाचा आहे. जावानीत ‘बासा’ म्हणजे सर्वसामान्य भाषा, हे खरेच. पण वडीलधाऱ्यांशी ज्या आदराच्या ‘क्रम’ वाणीत बोलावयाचे तिलाही ‘बासा’ म्हणतात. समवयस्कांशी बोलावयाची ‘ङोको’ ही या अर्थाने ‘बासा’ नव्हे. मलायमध्ये ‘बुदी बहासा’ म्हणजे सौजन्य, आणि ज्याला ‘बहासा’ कळत नाही तो असभ्य ठरतो. ब्रह्मदेशात ‘बाथा’ या शब्दाने भाषेबरोबरच धर्माचाही बोध होतो. जुन्या थाईत ‘फासा’ म्हणजे ती ती भाषा बोलणारे लोक, असाही अर्थ होता.

आता हिंदुस्थानाकडे वळू. पाणिनी ‘छन्दसि’ आणि ‘भाषायाम्’ असा भेद करतो. तेथे वेदवाणीच्या समोर उभी असलेली बोलण्यातील संस्कृत ही ‘भाषा’ होय. पुढे उत्तरेतील कवींच्या लेखी ‘भाखा’ म्हणजे संस्कृत नव्हे ती लोकांची बोली. संस्कृत एकदा ‘भाषा’ होती, नंतर ‘भाषा’ तिच्या विरुद्ध गेली. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात तर ‘भाषा’ म्हणजे वादीची फिर्याद. ज्याचे मूळ ‘भाष्’ धातूकडे नेले जाते त्या आपल्या ‘भाक’ शब्दात वचनाचा अर्थ आहे.

तेव्हा जो शब्द उत्तर हिंदुस्थानात खालच्या पायरीवर उभा होता तोच जावात वरच्या पायरीवर आढळतो. याचे कारण काय? ‘भाषा’ या शब्दाचे मोल त्याच्या समोर कोण उभे आहे यावर ठरते, हेच. येथे समोर संस्कृत होती. तिच्यापुढे ‘भाखा’ म्हणणे म्हणजे कमीपणा पत्करणे. जावात समोर होती ती रोजची ङोको. तिच्यापुढे परक्या, प्रतिष्ठित शब्दाला मान मिळाला. पाणिनीची ‘भाषा’ ही शिष्टांची वाणी होती, त्या अर्थाचाच हा अवशेष, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्यामुळे अनेक अर्थांपैकी तेथे हाच का रुजला, हे उलगडत नाही. ते उत्तर जावाच्या समाजरचनेतच शोधले पाहिजे.

याचे महत्त्व केवळ कोशापुरते नाही. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाविया येथे तरुणांनी एक मातृभूमी, एक राष्ट्र आणि एक ऐक्यभाषा यांची शपथ घेतली. त्यातील राष्ट्रवाचक ‘बंग्सा’ हा आपला ‘वंश’, आणि भाषावाचक ‘बहासा’ ही आपली ‘भाषा’. आपल्याला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शपथेचा आशय आपला नाही. सर्वांत मोठ्या समाजाची जावानी बाजूस ठेवून, बेटाबेटांतील व्यापाराची मलाय त्यांनी ‘इंडोनेशियाची भाषा’ म्हणून स्वीकारली. तो निर्णय सर्वस्वी त्यांचा; बहुभाषिक हिंदुस्थानाला त्याचे उत्तर अजूनही सोपे वाटत नाही.

आपली वृत्तपत्रे त्या भाषेला नुसते ‘बहासा’ म्हणतात, तेव्हा ती तिला ‘भाषा’ एवढेच नाव देतात. आपल्या शब्दाची ओळख पटताच त्यापुढचे ‘इंडोनेशिया’ गळून पडते. अशा अभ्यासात आपण नेमके तेच करीत आलो आहोत काय, हे प्रत्येक अभ्यासकाने स्वतःस विचारावे.